आधी चिंधी, मग बेअरिंग

पोरी, शर्यतीत उतरायचं ठरवलंस, छान केलंस. बेअरिंगं बदलून वेग मिळतो का, असं विचारलंस. मिळतो, पण दुकानात सांगतात तेवढा नाही, आणि ते सांगतात त्या वाटेने तर नाहीच. कारखान्यात जन्मभर बेअरिंगं काढण्या-बसवण्यात गेलेल्या मामाला हा प्रश्न घातलास, म्हणजे लांबलचक उत्तर ऐकायची तयारी असणार. आणि भिलाईत या विद्येची काही टंचाई नाही. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हातून इथल्या पोलाद कारखान्याची पहिली भट्टी सुरू झाली, त्यानंतर कितीतरी वर्षं ड्यूटी सुटली की गेटातून सायकलींचाच लोंढा बाहेर पडायचा. कोणाच्या हबमधून कसला आवाज येतो, हे पाठीमागून येणारा सांगायचा. तेव्हा ऐक. एका बैठकीत सगळं करायला जाऊ नकोस.

१. आधी सायकल आहे तशी तपास, खर्चाचं नंतर बोलू — बरेचदा बेअरिंग धडधाकट असतं, फक्त कोणीतरी कोन (आसावरचा, छर्‍यांना टेकणारा निमुळता नट) जीव खाऊन आवळलेला असतो.

२. चाक सायकलीतच ठेवून वरच्या बाजूला रिम धर आणि डावी-उजवीकडे हलव. टकटक लागली तर चाकात प्ले आहे — वळणावर हाच प्ले तुझी रेघ चुकवतो.

३. चाक फिरतं ठेव आणि दुसरा हात हलकेच फ्रेमवर टेकव — कानाला न लागणारी खरखर बोटांना लागते. आम्ही प्लांटात स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घराला टेकवून मूठ कानाला लावायचो. तुझ्या हबलाही ते चालतं.

४. चाक अधांतरी ठेवून हात सोड, जड बाजू आपोआप खाली आली पाहिजे आणि थांबण्याआधी दोन-चारदा मागेपुढे झुलली पाहिजे — मध्येच अडून राहिली तर कोन आवळलाय किंवा आत कचरा आहे.

५. चाक किती मिनिटं फिरतं, हे घड्याळ लावून मोजत बसू नकोस — रिकाम्या चाकावर तुझं वजन नसतं. ताजं ग्रीस आणि नवं सील त्याला लवकर थांबवतात, उलट कोरडं झिजलेलं बेअरिंग उगाच गरगरत राहतं. रिकामं चाक फार बोलतं. दुकानदाराला ते ठाऊक असतं म्हणून तो तेच फिरवून दाखवतो.

आता थोडा हिशेब, म्हणजे पैसे कुठे घालायचे ते कळेल. ताशी ४० किलोमीटरने गेलीस तरी तुझं चाक मिनिटाला सव्वातीनशेच्या आसपास फेरे घेतं. घरातला छताचा पंखा पूर्ण वेगात याच्यापेक्षा थोडा जास्तच फिरतो. म्हणजे बेअरिंगच्या दृष्टीने तू काही फार पळत नाहीस, रागावू नकोस. सपाट रस्त्यावर त्या वेगाला तुझ्या ताकदीतला चार-पंचमांशाहून मोठा वाटा वारा खातो. उरलेल्यातला मोठा घास टायर घेतात, मग चेन. दोन्ही चाकांच्या चांगल्या बेअरिंगांच्या वाट्याला येतो एखाद-दुसरा वॉट. पण बिघडलेल्या बेअरिंगाचं तसं नाही, ते किती खाईल याला धरबंध नसतो. म्हणून मी म्हणतो, भारी बेअरिंग घेण्याआधी आहे ते बिघडू देऊ नकोस.

६. पहिला खर्च शून्य रुपयांचा: कोपर आत घे, पाठ खाली ने — वाऱ्याशी भांडण्यापेक्षा त्याच्या खालून जाणं स्वस्त.

७. दुसरा खर्च टायर-ट्यूबचा — चांगल्या आणि साध्या टायरच्या जोडीतला फरक सगळ्या बेअरिंगांच्या बेरजेहून मोठा निघतो.

८. तिसरी चेन, आणि तिला बहुतेक वेळा फक्त आंघोळ हवी असते — काळी मेणचट चेन ओढत भारी हब फिरवणाऱ्याला आमच्याकडे ‘वर जरी, खाली गोणपाट’ म्हणतात.

९. बेअरिंगांचा नंबर चौथा. तो आला की मात्र कंजूषपणा करू नकोस — छर्रा रुपयाचा, नुकसान हबचं.

आता हत्यारांना हात लावण्याआधीच्या गोष्टी. तू या भरभर वाचशील हे माहीत आहे, तरी लिहितो. माझं अर्धं म्हणणं इथेच आहे.

१०. कामाला बसताना पान्याच्या आधी चिंधी शोध. जुनी सुती बनियन उत्तम, टॉवेल नको — टॉवेलचे धागे सुटून छर्‍यांच्या कपात अडकतात.

११. हब बाहेरून लख्ख पुसून मगच उघड — उघडल्यावर पुसलंस तर बाहेरची धूळ तू स्वतःच आत लोटतेस.

१२. एप्रिल-मेच्या दुपारी गच्चीवर बेअरिंग उघडू नकोस, लू सुटलेली असते — आपल्या धुळीत वाळूचे कण असतात, आणि वाळूतली गारगोटी बेअरिंगाच्या कडक केलेल्या पोलादाहूनही टणक. एक कण आत गेला की प्रत्येक फेऱ्याला नवा ओरखडा.

१३. दल्ली-राजहराच्या रस्त्याला सरावासाठी गेलीस तर परतल्यावर हबच्या कडा कोरड्या फडक्याने पूस, पाणी मारू नकोस — खनिजाची लाल धूळ ओली झाली की लेप होऊन सीलच्या ओठाशी बसते.

१४. खाली पांढरं कापड अंथर — घरंगळलेला छर्रा त्यावर दिसतो, सेक्टरच्या क्वार्टरच्या फरशीवर नाही.

१५. परात हवी असेल तर स्वतःची आण — मामीची परात रॉकेलात बुडवलीस तर शर्यत घरातच सुरू होईल, आणि ती मामी जिंकेल.

१६. पुढचे, मागचे, डावे, उजवे छर्रे वेगवेगळ्या वाट्यांत ठेव, कोनही त्याच बाजूच्या वाटीत — जी बाजू जास्त झिजली तिला काही सांगायचं असतं; सगळं एकत्र केलंस तर पुरावा गेला.

१७. धुवायला रॉकेल किंवा डिझेल, पेट्रोल कधीच नाही — पेट्रोलची वाफ जमिनीलगत सरकत जाते आणि आत देवापाशी दिवा तेवत असतो.

१८. धुतलेलं सगळं पूर्ण वाळू दे, हवं तर रात्रभर — उरलेलं रॉकेल नव्या ग्रीसला आतून पातळ करतं, आणि महिन्याभरात तू ग्रीसच्या नावाने बोटं मोडतेस.

१९. कॉम्प्रेसरच्या हवेने कोरडं बेअरिंग फिरवायची मजा करू नकोस — ग्रीसविना त्या वेगाला छर्रे आणि धाव (ज्या खाचेत ते पळतात ती) दोन्ही ओरबाडतात, शिवाय फुटलं तर डोळ्यावर येतं. प्लांटात यासाठी शिव्या बसायच्या, त्याही बरोबर होत्या.

२०. धुतलेल्या छर्‍यांना घामट बोट लावू नकोस, चिमट्याने किंवा ग्रीस लागलेल्या बोटाने उचल — घामातलं मीठ पोलादावर बोटाचा ठसा गंजाने कोरतं.

कप-कोनाचा हब जुनाट म्हणून नाक मुरडू नकोस. शिमानोने ड्युरा-एससारख्या शर्यतीच्या चाकांतही वर्षानुवर्षं कप-कोनच ठेवला. त्यात दर वेळी नवे छर्रे घालता येतात आणि केसाएवढा फरक हाताने जुळवता येतो. अट एकच, जुळवणाऱ्याला घाई नको.

२१. छर्रे काढतानाच मोज. बहुतेक हबांत पुढे एका बाजूला ३/१६ इंची दहा, मागे पाव इंची नऊ, आणि बीबीमध्ये (बॉटम ब्रॅकेट, क्रँकच्या आसाचं घर) मोकळे असतील तर पाव इंची अकरा — एक हरवला आणि कळलंच नाही, तर बाकीच्यांवर त्याचा भार पडतो.

२२. एक छर्रा खराब दिसला तर त्या बाजूचे सगळे बदल — नवा छर्रा झिजलेल्यांपेक्षा किंचित मोठा, म्हणून सगळं ओझं तो एकटाच उचलतो आणि आधी तोच मरतो.

२३. छर्रे घेताना ‘ग्रेड २५’ माग, आकडा जितका लहान तितका छर्रा गोल — ग्रेड २५ मध्ये गोलाईतली चूक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही आत असते. छर्रे एकसारखे गोल घासणारं यंत्र जर्मनीत श्वाइनफुर्टच्या फ्रीडरिश फिशरने १८८३ मध्ये केलं, तेव्हापासून गोल छर्रा गरिबाच्याही सायकलीत आला. मग खडबडीत काहून घ्यायचा?

२४. दोन पुड्यांतले छर्रे एका कपात घालू नकोस — माप तेच छापलेलं असलं तरी घाण्यागणिक फरक पडतो.

२५. कोन उजेडात धरून बघ; बारीक चकचकीत रेघ ठीक, खड्डे दिसले की तो गेला — घासून-पुसून खड्डा जात नाही, फक्त तुझी संध्याकाळ जाते.

२६. छर्रे वेळेआधी बदल, कपाला खड्डा पडायची वाट बघू नकोस — कोन सुटा मिळतो, पण कप बहुतेक हबांत ठोकून बसवलेला. तो गेला की चाकच नव्याने विणायचं.

२७. लोहचुंबकाने छर्रे उचलायचा मोह आवर — चुंबक लागलेला छर्रा पुढे झिजेचा कीस स्वतःला चिकटवून फिरत राहतो.

२८. कोन जुळवताना पातळ कोन-पाने दोन वापर, एकाने कोन धर, दुसऱ्याने लॉकनट आवळ — एकाच पान्याने आवळलंस तर कोन नटाबरोबर फिरतो आणि जुळवलेलं सगळं हातातून जातं.

२९. क्विक रिलीजच्या चाकात चाक बाहेर असताना नावापुरता प्ले ठेव, तो खटका बंद केल्यावर जायला हवा — खटक्याच्या दाबाने आस किंचित आखडतो. आधीच घट्ट केलंस तर सायकलीत बसवल्यावर कोन छर्‍यांना चिरडतो.

३०. नटाच्या आसाला मात्र बाहेरच शून्य प्ले ठेव — तिथे दाबाची ती भर पडत नाही.

३१. पहिल्या लांब फेरीनंतर पुन्हा एकदा हलवून बघ — नवे छर्रे आपापल्या जागी बसले की थोडी ढिलाई निघते. आवळलेला रडतो, ढिला डुलतो. तुला यांच्या मधला हवा.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येतो, बंद बेअरिंगं आणि त्यांची सुधारणा. बेअरिंग आणि सायकलशर्यत यांची ओळख पहिल्यापासूनची आहे. पॅरिसच्या ज्यूल सुरिरे नावाच्या सायकल कारागिराने ऑगस्ट १८६९ मध्ये छर्‍यांच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं, आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला पॅरिस ते रुआं ही १२३ किलोमीटरची शर्यत जेम्स मूरने जिंकली ती तसली बेअरिंगं बसवलेल्या सायकलीवर. साडेदहा तासांच्या आसपास लागले त्याला. तू हसशील, पण रस्ते आणि सायकल दोन्ही बघ म्हणजे हसणार नाहीस. त्याहून मला आवडतो तो स्कॉटलंडचा ग्रॅम ओब्री. त्याने घरी केलेल्या सायकलीच्या बीबीत धुण्याच्या मशीनचं बेअरिंग बसवलं, आणि १७ जुलै १९९३ ला नॉर्वेच्या हामारमध्ये तासाभरात ५१.५९६ किलोमीटर जाऊन मोझर नावाच्या सायकलपटूचा नऊ वर्षांचा विक्रम मोडला. आठवडाभरातच बोर्डमन नावाच्या दुसऱ्या सायकलपटूने तो पुढे नेला, ते सोड. ओब्रीला पाय जवळ ठेवणारी अरुंद बीबी हवी होती, त्यात बसेल ते बेअरिंग त्याने घेतलं. माप जुळलं, काम झालं.

३२. बेअरिंग सायकलीच्या नावाने मागू नकोस, नंबराने माग — ६९०२ ची खूण सायकलवाला सांगो की मशिनरीवाला, माप तेच. किंमत मात्र दुकान बदललं की बदलते.

३३. शेवटचे दोन आकडे वाचायला शीक: ०० म्हणजे भोक १० मिलिमीटर, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढे पाचने गुण — एवढं आलं की इथल्या पॉवर हाऊसच्या बाजारात कोणी तुला ‘यही लगेगा’ म्हणून भलतंच देणार नाही.

३४. ‘२आरएस’ म्हणजे दोन्हीकडे रबरी सील, ‘झेडझेड’ म्हणजे पत्र्याची झाकणं. सायकलीला रबरी घे — पत्रा धूळ अडवतो, पाणी नाही, आणि छत्तीसगडचा जून ते सप्टेंबर तुला माहीत आहे.

३५. ‘सी३’ लिहिलेलं साध्या हबसाठी घेऊ नकोस — ते तापणाऱ्या मोटारींसाठी आतून मुद्दाम सैल केलेलं असतं. चाक तापत नाही, मग ती सैल जागा नुसती डुलत राहते.

३६. फार स्वस्त मिळालं तर थांब, खोक्यावरची छपाई आणि बेअरिंगावरची कोरणी दोन्ही बघ — नामांकित बेअरिंगांच्या नकला भरपूर फिरतात, आणि काही कंपन्यांनी तर खरं-खोटं ओळखायला मोबाइलचं ॲप काढलंय. भाव बोलला की बिल मागावं.

३७. अचूकतेच्या मोठ्या श्रेणीसाठी जादा पैसे देऊ नकोस — ती हजारो फेऱ्यांच्या यंत्रांची चैन आहे. तुझा पैसा सीलमध्ये आणि ग्रीसमध्ये जाऊ दे.

३८. जुनं बेअरिंग काढण्याआधी नवं हातात घे आणि नंबर पडताळ — आतल्या कडीला ठोकून बाहेर काढलेलं बेअरिंग पुन्हा वापरायच्या लायकीचं राहत नाही.

३९. हबमध्ये बसवताना बाहेरच्या कडीला दाब, आसावर चढवताना आतल्या — जिथे घट्ट, तिथेच थाप. उलट केलंस तर सगळा दाब छर्‍यांतून जातो आणि नव्या बेअरिंगात पहिल्याच दिवशी खळगे पडतात.

४०. हातोडीऐवजी लांब बोल्ट, दोन जाड वॉशर आणि नट घेऊन हळूहळू ओढून बसव — हातोडी तिरकी बसते, बोल्ट सरळ ओढतो. तिरपं जातंय वाटलं तर थांब, सोड, पुन्हा लाव.

४१. रबरी सील उघडायचं तर पातळ पात्याचं टोक आतल्या कडेखाली अलगद घाल, मध्ये भोसकू नकोस — सीलचा ओठ एकदा मुडपला की तो धुळीला दार उघडून बसतो.

४२. कोरड्या दिवसाच्या छोट्या शर्यतीला हबच्या पोटाकडचं सील काढून टाकता येतं, बाहेरचं मात्र राहू दे — सीलचं घासणं थोडं कमी होतं आणि धुळीचा रस्ता बंदच राहतो. पावसात या भानगडीत पडू नकोस.

४३. सिरॅमिकचा मोह सगळ्यांना होतो, तुलाही होईल; सिलिकॉन नायट्राइडचे ते छर्रे पोलादाच्या निम्म्याहून हलके, गंजत नाहीत, सहजी झिजत नाहीत. पण ज्या धावेवर ते पळतात ती पोलादाचीच — आत धूळ गेली तर छर्‍याला काही होत नाही, धाव मात्र नांगरून निघते. मिळतो तो वॉटभराचा फायदा, त्या पैशात दोन मोसमांचे टायर येतात. माझं मत विचारशील तर आत्ता नको.

ग्रीसचं सांगतो. यावर जितके सायकलवाले तितकी मतं, आणि प्रत्येकाचं स्वतःचं डबडं असतं.

४४. रोजच्या सायकलीला लिथियमचं, नंबर दोनचं साधं ग्रीस पुरे — नावाजलेल्या छोट्या ट्यूबमध्येही बहुधा त्याच जातीचं असतं, फक्त रंग छान.

४५. भिलाईच्या उन्हात ग्रीस वितळून जातं, हे मनातून काढ — आपला मे ४५ अंशांचा, लिथियम ग्रीस १८० अंशांच्या आसपास पाघळतं. वाहून जातं ते पाण्याने आणि चुकीच्या तेलाने.

४६. काळं ग्राफाइट ग्रीस छर्‍यांना नको — ते ट्रकच्या कमानपट्ट्यांचं आहे, तिथे ते शोभतं.

४७. जुन्या ग्रीसवर दुसऱ्या जातीचं चोपडू नकोस, आधी सगळं धुऊन काढ — घट्ट करणारे साबण एकमेकांशी पटवून घेत नाहीत; कधी पाणी होतं, कधी खडा.

४८. कप-कोनात भरपूर भर, छर्रे निम्मे बुडून वर पुन्हा एक थर. बाहेर आलेलं पुसून टाक — कडेला राहिलेली ग्रीसची कड हीच तिथली पहिली चौकी. बंद बेअरिंगात मात्र तिसरा हिस्सा पुरे, गच्च भरलंस तर छर्‍यांना ते घुसळत बसावं लागतं.

४९. शर्यत किती लांब, त्यावर ग्रीस ठरव. तासाभराच्या टाइम ट्रायलला नंबर एकचं पातळ चालेल. लांब पल्ल्याला जाड ग्रीस आणि शाबूत सील — नागपूरचे डॉ. अमित समर्थ २०१७ मध्ये शर्यतीत एकट्याने अमेरिका आडवी कापून गेले, जवळपास ४,८०० किलोमीटर. तसल्या शर्यतीत वाटेत हब उघडायला कोण बसेल? पातळ घातलंस तर शर्यत संपली की लगेच बदल, ते टिकायला केलेलंच नसतं.

५०. गंज सोडवायचा फवारा हबच्या कडेवर मारू नकोस — तो आत शिरून ग्रीस धुऊन काढतो, आणि दोन दिवस चाक इतकं हलकं फिरतं की तू त्याला दुवा देतेस.

५१. मागच्या फ्रीहबच्या कुत्र्यांना (दात्यांत अडकणाऱ्या खटक्यांना) जाड ग्रीस कधी नको, हलकं तेल किंवा त्याचंच खास ग्रीस — कुत्री चिकटून बसली तर उठून पॅडल मारताना पाय एकदम रिकामा जातो, आणि पुढे हँडल असतं.

५२. बीबी बदलायची तर मोकळ्या छर्‍यांची काढून बंद कार्ट्रिजची बसव. साध्या सायकलीच्या बेअरिंगांत याच्याइतकी फळणारी दुसरी सुधारणा नाही — चाकांनी उडवलेलं पाणी तिथेच जमतं, आणि सीटच्या नळीतून उतरलेलंही.

५३. आपल्याकडच्या बहुतेक बीबींत उजव्या बाजूचा आटा उलटा असतो, आणि पॅडलात डावीकडचा — जोर लावण्याआधी दिशा बघ. उलट्या आट्याशी ताकदीने बोलणाऱ्याची फ्रेम जाते.

५४. हँडलची बेअरिंगं भिलाईत कोणी तपासत नाही, कारण इथे घाटच नाही. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलव, दुसऱ्या हाताची बोटं कपाच्या सांध्यावर ठेव — इथल्या सपाटीवर जी ढिलाई झोपलेली असते ती केशकालच्या उतारावर किंवा मुंबई-पुणे शर्यतीतल्या बोरघाटात नेमकी जागी होते.

५५. हँडल मधोमध ‘टक्’ करून अडत असेल तर ग्रीस घालून दिवस ढकलू नकोस, बेअरिंग बदल — धावेला खळगे पडलेत. एरवी तू सरळ जात असताना चाक आपणहून बारीकसं सावरत असतं, ते सावरणंच तिथे अडकतं.

५६. पाण्याचा जोराचा फवारा हब, बीबी, हँडल यांवर धरू नकोस. बादली आणि फडकं — सील पावसासाठी केलेलं असतं, सर्व्हिस स्टेशनच्या पाइपासाठी नाही. गाडीच्या टपावर बांधून पावसात नेलंस तरी तेच.

५७. शर्यतीच्या आदल्या रात्री काहीही उघडायचं नाही. जे करायचं ते आठवडाभर आधी कर, मग दुर्गच्या पुढे शिवनाथचा पूल ओलांडून राजनांदगावच्या वाटेला एक लांब फेरी मार — नवं सील, नवं ग्रीस, नवा कोन, तिघांनाही थोडं चालून मगच सूर सापडतो.

५८. आदल्या संध्याकाळी फक्त हलवून बघ: दोन्ही चाकं, क्रँक, हँडल, पॅडल — पाच मिनिटांचं काम, आणि हाताला काही लागलं तर अजून रात्र शिल्लक असते.

५९. शर्यत भिजत झाली असेल तर त्याच दिवशी चाकं काढून उभी ठेव, आस पुसून कोरडे कर, दोन दिवसांत हब उघडून बघ — पाणी आत राहिलं तर गंज रविवारची वाट बघत नाही.

६०. सायकलीत कुठे कोणत्या नंबरचं बेअरिंग, छर्रे किती आणि केवढे, शेवटचं ग्रीस केव्हा घातलं, हे चिठ्ठीवर लिहून प्लास्टिकमध्ये गुंडाळ आणि सीटच्या नळीत सरकव — परगावी रविवारी एकच दुकान उघडं असेल, तेव्हा चिठ्ठीच बोलेल. त्या चिठ्ठीची एक प्रत मला पाठव, इथून न्यायची बेअरिंगं मी आणून ठेवतो.